काई झालं नाई, तरी सांगजो

नागपूरच्या कुणा अनोळखी तरुणाने मैत्रीच्या एका संकेतस्थळावर, स्वतःच्या पानावर लिहिले होते, 'झोप लागत नाही, भूक मेली आहे, छाती नुसती धडधडते.' हा आजार कोणता, हे खालच्या लाल हृदयांवरून कोणालाही कळले असते. मेश्रामभाऊंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्याला इंग्रजीत विचारले, 'विच टॅब्लेट?' तरुणाने दिलेले उत्तर इथे लिहिण्याजोगे नाही. भाऊंनी ते चष्मा वर करून पुन्हा वाचले आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "चिडचिड. सर, हेबी गोळीचंच लक्षण व्हय."

आरमोरीच्या बसस्थानकाजवळ भाऊंचे औषधांचे दुकान होते. दुपारी गिऱ्हाईक ओसरले, की ते शेजारच्या सायबर कॅफेत येत. मी तिथल्या महाविद्यालयात इतिहास शिकवायला नुकताच आलो होतो. ओळखी करून घेण्याचा धीर नसल्यामुळे माझ्याही दुपारी तिथेच जात. माणसे एकमेकांच्या पानांवर, चारचौघांना दिसेल असे, मनातले बिनदिक्कत लिहीत. भाऊंना त्या सगळ्यात एकच गोष्ट दिसे: औषधांचे दुष्परिणाम. या कामासाठी त्यांनी फोटोच्या जागी मोराचे चित्र लावले होते आणि टोपणनाव घेतले होते, 'वेल विशर, आरमोरी'. "आपण कोण, ते कोणाले समजाले नाई पायजे," असे ते म्हणत. मग 'आरमोरी' कशाला, हे विचारण्याची मला भीड पडे.

दुकानातही हाच प्रकार. पाकीट हातात देताना ते बजावत, "घेतल्यावर काई झालं तर येऊन सांगजो."

"अन् काई झालं नाई तर, भाऊ?"

"काई झालं नाई, तरी सांगजो."

लोक हसत, पण बाजाराच्या दिवशी खरोखरच कोणीतरी रस्त्यातून ओरडून जाई, "भाऊ, काई झालं नाई हो!" तेव्हा भाऊंच्या चेहऱ्यावर क्षणभर शांतता दिसे. एरवी ती दुर्मीळच. एक बाई पाठ दुखते म्हणाली, तर त्यांनी ताबडतोब गोळीची चौकशी केली. "गोळी नाई जी, वाकूवाकू धानाचा रोवणा सुरू हाय," ती म्हणाली. भाऊंचे समाधान झाले नाही.

पुढे मीही त्यांच्या तावडीत सापडलो. पित्त झाल्याचे मी मावसभावाला लिहिले आणि पलीकडच्याच खुर्चीवरून माझ्या पानावर प्रश्न आला, 'विच टॅब्लेट?' त्याच वेळी माझ्या ध्यानात आले, की पानाच्या कोपऱ्यात 'नुकतेच येऊन गेलेले' अशी एक यादी असते, आणि तिच्यात मोर बसला आहे. पान कोण पाहून जाते, हे ते संकेतस्थळ पानाच्या मालकाला निमूटपणे सांगत असे. भाऊंना याचा पत्ता नव्हता.

एका दुपारी त्यांनी मला खुर्ची ओढून जवळ बसवले. पडद्यावर पुण्याच्या सुजाताचे पान होते. सुजाता म्हणजे भाऊंची एकुलती एक मुलगी. तिने न विचारता लग्न केले, तेव्हापासून बापलेकीचे बोलणे बंद होते. तिला लहानपणापासून फिट येत. डॉक्टरांनी गोळी बदलली, असे तिने एका मैत्रिणीला लिहिलेले भाऊंनी वाचले होते.

"ह्या गोळीनं कोणाकोणाच्या अंगावर पुरळ उठते, सर. वाढलं तर जिवावर येते. सुरुवातीले लक्ष ठेवाच लागते."

सुजाता रोज स्वतःच्याच पानावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहीत होती: 'काई झालं नाई.' मैत्रिणी खाली विचारत होत्या, हे काय ग? तिने कोणालाच उत्तर दिले नव्हते.

"नवऱ्याले लिहून राह्यली असन," भाऊ म्हणाले.

नवरा तर तिच्याच घरात राहत होता. मला तो मोर आठवला. पण भाऊंना सांगावे, तर ते लेकीच्या पानावर जाणेच बंद करतील अशी धास्ती वाटली.

मग एका दुपारी ती ओळ आली नाही. भाऊंनी पान बंद करून उघडले, संगणक बदलला, पुन्हा उघडले. बाहेरून गिऱ्हाईक हाका मारत होते. त्यांना ऐकूच येत नव्हते. घामाने बोट अक्षरावरून निसटत होते.

"फोन करा ना, भाऊ."

"कोन्या तोंडानं करू? 'माह्यासाठी मेली तू' म्हटलं होतं जी मीनं तिले."

ते शब्द जणू आताच खरे होऊ पाहत होते, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी तिच्या पानावर लिहिण्याची रिकामी चौकट उघडली. सगळ्या जगाला लिहिणाऱ्या त्या माणसाने लेकीच्या पानावर आजवर एक अक्षर उमटवले नव्हते. अखेर बोट हलले. 'विच टॅब्लेट?'

दुसऱ्या दिवशी कॅफे उघडण्याआधीच ते पायरीवर उभे होते. उत्तर आलेले होते. चष्मा पुसूनही त्यांना वाचवेना, म्हणून मी वाचले:

'तीच, नवीन. अंगावर पुरळ नाही. काल आमच्याकडे लाइट नव्हती. काई झालं नाई, बाबा.'

भाऊ एकदम उसळले. "बाबा? म्या तर नाव बदललं होतं! इले कसं काय समजलं, सर?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना यादी दाखवली, मोर दाखवला. त्यांनी पडद्यावरच्या मोरावर बोट ठेवले.

"म्हणजे रोज दिसून राह्यलो होतो मी तिले?"

"रोज."

खिशातून रुमाल काढून त्यांनी पडद्यावरची धूळ पुसली. पडदा स्वच्छच होता.

"दिसू द्या," ते म्हणाले.