मास्तरांचा उजवा पाय

सकाळी सव्वाअकरा वाजता, चौकातून डावीकडे वळताना मास्तरांच्या छातीत दुखलं. गाडी मेहुणा चालवत होता.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, यावर त्या कुटुंबात अजून एकमत नाही.

मास्तर गाडी चालवायला शिकवतात. गेली बावीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर उजवा पाय ठेवायचा, हा त्यांचा धंदा. समोरून ट्रक येवो नाहीतर भिंत, मास्तरांचा आवाज चढत नाही. "थोडं डावीकडे घ्या. अजून. तो खांब आपला नाही." एवढंच. शिकाऊ माणसाला वाटतं, काय हा धीराचा पुरुष! पण आवाज शांत असतो तेव्हा खाली पायाने ब्रेक कचकन दाबलेला असतो, हे कोणी बघत नाही. मास्तरांची सगळी भीती उजव्या पायात राहायला गेलेली होती. वर जागा रिकामी होती म्हणून शांतता होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस, लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास, उत्साह अठरा वर्षांच्या पोराचा.

"भावोजी, घाम का आलाय?"

"पुढे बघा," मास्तर छातीवर हात धरून म्हणाले. "पुढे दवाखाना दिसतोय, तिथे आत घ्या."

मेहुण्याने गाडी आत घेतली आणि रुग्णवाहिका जिथून चढते त्या उतारावर आडवी उभी केली. तिथवर पोचेपर्यंत मास्तरांनी सात वेळा ब्रेक मारला होता. दुखणं दुखण्याच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी.

आत छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली, रक्त घेतलं. सगळं ठीक. दुखणं मात्र तिथेच. डॉक्टर रात्रपाळी संपवून दिवसपाळीला लागले होते, त्यांचे डोळे उघडे होते एवढंच.

"पट्टीत काही नाही, रक्तात काही नाही," ते म्हणाले. "पण तुमचं वय, तुमचं वजन, तुमच्या वडिलांचा इतिहास. हृदयाचा सीटी करू. शिरेत औषध सोडायचं, फोटो काढायचे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कुठे अडलंय का ते दिसतं. मोकळ्या असतील तर घरी जा. नसतील तर मग मांडीतून किंवा मनगटातून नळी घालावी लागेल."

नळी म्हटल्यावर मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. त्यांचे वडील नळी घालायला म्हणून गेले होते, ते परत आले नव्हते. वडील हृदयविकाराने गेले एवढंच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, नळीचं नाही; ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "मला काय करावं लागेल?"

"दोनच गोष्टी. नाडी पासष्टच्या खाली हवी, हृदय भराभर उडत असेल तर फोटो पुसट येतो. आणि मी सांगेन तेव्हा अजिबात हलायचं नाही."

"डॉक्टर," मास्तर हसले, "न हलता बसायचे मी पैसे घेतो!"

नाडी अठ्ठ्याऐंशी होती.

ती उतरवायची एक गोळी दिली आणि पडून राहायला सांगितलं. तासाभराने आकडा एकाहत्तरवर आला. तेवढ्यात बायको आली. आकडा एकोणऐंशी.

"अहो, काय हे! सकाळी चांगले चालते-बोलते होता की! डब्यात काय खाल्लंत? बोलू नका, बोलू नका. बोला ना काहीतरी!"

"काकू, त्यांना शांत ठेवायचंय," सिस्टर म्हणाल्या.

"मी कुठे काय करतेय?"

बायको शांत बसली. आकडा उतरू लागला. सदुसष्ट. सहासष्ट. आणि दारातून मेहुण्याचं डोकं आत आलं.

"भावोजी, तो रखवालदार म्हणतोय गाडी हलवा. मी हलवू का? मागे घ्यायचीय फक्त."

सत्त्याण्णव!

"हात लावू नका," मास्तर नेहमीच्याच आवाजात म्हणाले. पलंगाच्या दांडीवर त्यांचा उजवा पाय टणकन आपटला.

"बघा, बघा," बायको सिस्टरना म्हणाली. "माझा भाऊ दिसला की आकडा चढला. हे मशीन माझ्या सासरचं दिसतंय!"

"काकू, दोघंही बाहेर."

"मी काय केलं? मी तर बायको आहे!"

"म्हणूनच."

दोघं बाहेर गेली. आणखी अर्धी गोळी झाली. खिडकीबाहेर गाडी मागे घेतल्याचा आवाज आला, मग कुंडी फुटल्याचा, मग रखवालदाराचा. सिस्टरनी खिडकी लावून घेतली. दुपार कलली तेव्हा आकडा त्रेसष्ट झाला आणि मास्तरांना घाईघाईने सीटीच्या खोलीत नेलं, तापलेला तवा निवायच्या आत पोळी टाकावी तसं.

यंत्र म्हणजे एक मोठं कडं, आणि त्यातून आत-बाहेर सरकणारी फळी. मास्तरांना उताणं झोपवलं, दोन्ही हात डोक्यावर. यंत्र चालवणारी मुलगी काचेपलीकडे बसली.

"काका, आधी एकदा रंगीत तालीम. फळी आत जाईल, आवाज सांगेल तसा श्वास रोखायचा. हलायचं नाही."

"चिंता नको," मास्तर म्हणाले.

फळी पुढे सरकली. समोरून कडं चालून आलं. मास्तरांनी ब्रेक मारला.

"काका, पाय हलवलात."

"मी नाही हलवला."

"मग कोणी हलवला? आत तुम्ही एकटेच आहात."

पुन्हा फळी सरकली, पुन्हा पाय खाली गेला, आणि त्या झटक्याने अख्खे मास्तर वीतभर वर सरकले. मुलगी बाहेर आली. तिची ही सकाळपासूनची अकरावी छाती होती. काही न बोलता तिने पट्टा काढला आणि मास्तरांचा उजवा पाय फळीला आवळून बांधला.

फळी सरकली. मास्तरांनी डाव्या पायाने क्लच दाबला.

"काका, धंदा काय तुमचा?"

मास्तरांनी सांगितलं. मुलीने कपाळावर हात मारला आणि दुसरा पट्टा काढला.

आता खरी फेरी. "औषध जाईल, अंगात गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल, झालेली नसेल. घाबरायचं नाही." मग यंत्रातला आवाज घोगरेपणाने म्हणाला, "श्वास घ्या. रोखून धरा."

मास्तरांनी रोखला. गरम लाट घशातून पोटात आणि पोटातून नको तिथे गेली. कडं गरगरू लागलं. फळी सरकली. उजवा पाय खाली जायला निघाला, पट्टा. डावा निघाला, पट्टा. बावीस वर्षांत पहिल्यांदाच भीतीला खालची वाट बंद मिळाली. ती वळली आणि वर आली.

"अरे थांब! थांब ना रे! मरेन मी!"

आतला माइक चालू होता. आवाज काचेपलीकडे गेला, तिथून उघड्या दारातून बाकावर बसलेल्या बायकोकडे गेला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, नवऱ्याचा चढलेला आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. मेहुणा तिच्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "ताई, मला तर ते 'जरा सावकाश' एवढंच म्हणतात."



संध्याकाळी डॉक्टर पडद्यावर फोटो घेऊन बसले. "ही उजवीकडची मोकळी. ही मागची मोकळी, छान आहे. ही समोरची, सगळ्यात महत्त्वाची." त्यांनी बोट एका जागी ठेवलं. तिथे रेघ पुसटली होती, ओल्या बोटाने शाई फासावी तशी. "इथे काही अडलंय, की इथे तुम्ही ओरडलात, हे सांगता येत नाही."

"पुन्हा काढा ना आत्ताच," बायको म्हणाली.

"ते औषध आज परत नको, किडनीला त्रास होतो. उद्या सकाळी. आज इथेच राहतील." डॉक्टर मास्तरांकडे वळले. "ओरडलात तेव्हा छातीत दुखत होतं का?"

"आठवत नाही," मास्तर म्हणाले. "मी ओरडण्यात होतो."

डॉक्टर गेले. बायकोने खुर्ची पलंगाला चिकटवली.

"खरं सांगा, आत्ता दुखतंय?"

मास्तरांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थोडं. आणि उद्या नळी घाला म्हणाले तर मला भीती वाटेल."

"वाटू दे. रात्री वाढलं तर हाक माराल?"

"मारेन."

हे लिहून होईपर्यंत त्यांनी हाक मारलेली नाही. बायकोने मात्र दोनदा खुर्चीतून वाकून बघितलंय, झोपलेत, की नुसताच श्वास रोखून धरलाय.