रौधाच्या विषाणूचा न निघणारा तुकडा

प्रथिनाच्या एका तुकड्यावरून अख्खं कवच उभं करावं तर ते मीच, असं स्फाक्समध्ये आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. गेल्या शनिवारपर्यंत.

आमच्या विषाणूच्या कवचात साठ तुकडे असतात, सगळे एकसारखे. म्हणून फाइलमध्ये लोक एकच ठेवतात आणि बाकीचे संगणकाकडून करवून घेतात. एक ओळ टाइप केली की तुकडा गोल गोल फिरवला जातो आणि साठही जागा भरतात. ती ओळ मला झोपेतसुद्धा येते.

शनिवारी आमच्याच प्रयोगशाळेतल्या रौधाची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. जैतुनाच्या झाडाला लागणाऱ्या विषाणूपायी पोरीने तारुण्य घालवलं होतं. परीक्षक ट्युनिसचे सी तिजानी (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’), म्हणजे मागच्या दोघांना "पुन्हा या" म्हणून घरी पाठवणारे. आदल्या दिवशी रौधा मला म्हणाली, "निझार, फाइल प्रोजेक्टरवर दिसते का तेवढं बघ. बाकी कशाला हात लावू नकोस."

हात लावू नकोस! मला!

तरी मोठ्या मनाने फाइल उघडली. बघतो तर एकच तुकडा, पडदाभर. परीक्षा उद्यावर आणि बाईसाहेबांनी कवचच केलेलं नाही! मी ओळ टाइप केली. संगणकाचा पंखा तेलघाण्यासारखा घरघरायला लागला. विद्यापीठाचं जुनं यंत्र, दुसरं काय होणार. मग चित्र लांब नेलं, तर गोल गरगरीत कवच, कुठे फट नाही. फाइल साठवली आणि घरी गेलो. आभाराचीसुद्धा अपेक्षा ठेवली नाही.

शनिवारी रौधाचं सगळं गोत केर्केना बेटावरून बोटीने आलं आणि मांडीवर बक्लाव्याची ताटं घेऊन मागच्या रांगांत बसलं. तिची मावशी, ज़ीना खालती, निकालाला आनंदाची आरोळी ठोकायची म्हणून आधीपासूनच घसा खाकरत होती.

कवच पडद्यावर आलं. सी तिजानी म्हणाले, "आतलं दाखव बघू. हा पुढचा तुकडा काढ."

रौधाने काढला. तुकडा तिथेच.

"काढ ना, बेटी."

"काढला, सी तिजानी."

"मग हा कोण?"

तिने पुन्हा काढला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तेच.

"अगं, नखाने खरवड," ज़ीना खालती मागून म्हणाली, "चिकटला असेल."

पाचव्या वेळी रौधाचा चेहरा पांढरा पडला. सी तिजानींनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ते लागलं की पाठोपाठ "पुन्हा या" येतं. मागे कुणीतरी बक्लावा झाकायला घेतला.

मला राहवेना. उभा राहून म्हणालो, "यंत्राचा दोष आहे. काल मी स्वतः प्रती केल्यात, साठच्या साठ."

रौधा सावकाश माझ्याकडे वळली. "कशाच्या प्रती?"

"त्या एका तुकड्याच्या. फाइलमध्ये एकच तर होता."

"साठही होते, निझार. मी त्यातला एक जवळून बघत होते."

एवढ्या लोकांसमोर! फाइल साठवताना चित्र लांब न्यायची रीत कुणी पाळायची, मी?

पण ती परीक्षकांकडे वळून बोलायलाही लागली होती. "सर, यांनी अख्ख्या कवचाच्या साठ प्रती केल्यात. हे कवच जसं फिरवलं तसं स्वतःवरच फिट्ट बसतं, म्हणून प्रत्येक जागी साठ तुकडे एकात एक आहेत. दिसतो एकच. माझ्या कवचात खोट असती तर ते एकमेकांबाहेर डोकावले असते."

सी तिजानी चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. "म्हणजे हा साठ वेळा काढायचा?"

"आता पंचावन्न."

म्हातारा हसला. खरंच हसला. टोपण निघालं, सही झाली, आणि ज़ीना खालतीने अशी आरोळी ठोकली की माझ्या कानठळ्या बसल्या.

आता तुम्हीच सांगा, असं उत्तर द्यायची संधी तिला कुणी मिळवून दिली? त्याबद्दल एक शब्द नाही! मी कोपऱ्यात उभा होतो. शेवटी ज़ीना खालती ताट घेऊन माझ्यापर्यंत आली. मी दोन वड्या उचलल्या. तिने त्यातली एक काढून परत ताटात ठेवली.

"एकच घे, बाळा," ती म्हणाली. "बाकीच्या तुला करता येतात म्हणे."