वेळूच्या बेटाने गाइले त्याची हकीकत

॥ श्री ॥ जो डोळां दिसत नाही परंतु गवताचे पाते हालवितो, त्या वायूस नमन करून लिहावयास आरंभ केला. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सर, माघमासी एका डोंगरी राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे. राज्याचे व महाराजांचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. महाराजांचे नगारखान्यात हैबती गुरव म्हणोन सनईवाला चाकरीस होता. त्यास दम्याची व्यथा जडली, आणि ऐन उत्सवात, महाराज पालखीत विराजमान असता, स्वर मध्येच तुटला आणि खोकला सुरू जाहला, आणि मानकरी तोंडास शेला लावून हसले. मग महाराजांनी कृपा करून, आता घरी बैसावे, ऐसी आज्ञा केली. हैबती घरी आला, सनई खुंटीस टांगिली आणि भिंतीकडे तोंड करून निजला. अन्न गोड लागेना. त्याची बाईल यमाई बोलली, "तुमच्या छातीतला वारा सरला म्हणोन जगातला सरला काय? उठा, डोंगरावर फिरोन या."

डोंगरावर वेळूचे थोर बेट होते आणि त्यास त्या वर्षी फुलोरा आला होता. वेळू जन्मात एकदाच फुलतो आणि फुलोन मरतो, आणि मग मुलखात दुष्काळ पडतो, ऐसी लोकांची समजूत. सबब कारभारी नारो अनंत यांणी बेट तोडोन जाळावे ऐसा मनसुबा केला होता. हैबती तेथे बैसला असता, एका वाळल्या वेळूस भुंग्याने पाडिलेल्या भोकातून वारा गेला आणि हुंकार उठला. हैबती दचकला. ऐसा खर्ज त्याचे छातीत भरज्वानीतही मावला नसता. मग त्याणे घरून लोखंडी सळई आणिली, आगटीत तापविली, आणि उभ्या वेळूंस पेरांपेरांत भोके पाडू लागला. कोठे एक, कोठे चार, कोठे लांब चीरच. धाप लागे तेव्हा बैसे, आणि मग पुन्हा उठे, आणि यमाई आगटी फुंकी. काम उरकले, आणि एके सांजे वारा सुटला, आणि सारा डोंगर बोलू लागला.

गुराखी गुरे टाकोन पळाले. डोंगरी भुते रडतात ऐसा बोभाटा जाहला. नारो अनंत यांणी कुऱ्हाडी देऊन माणसे पाठविली. हैबती आडवा उभा राहिला आणि बोलिला, "एकवार महाराजांस ऐको द्या. मग मजसुद्धा तोडा." हे वर्तमान महाराजांस कळले, आणि त्यांस जुन्या चाकराची याद आली, आणि चैत्रमासी दरबार डोंगरावर भरविला. बैठका घातल्या, अत्तर-विडे जाहले, आणि वारा पडला. नारो अनंत विचारिते जाहले, "कधी वाजविणार?" हैबती बोलिला, "वाजविणार मी नव्हे, जी. मीही आपणांसारखाच ऐकावयास बैसलो." मानकरी पुन्हा हसले. इतक्यात दरीतून वारा उठला. आधी घुमला, मग किंचाळला, मग शंभर कंठांनी विव्हळला, आणि घोडी दावी तोडोन पळाली, पागोटी उडाली, आणि दरबारचे गवई "यास राग ना ताल!" म्हणोन कानांवर हात ठेविते जाहले. महाराज मात्र हालले नाहीत.

वारा निवाला तेव्हा महाराज बोलिले, "आम्ही प्रसन्न जाहलो. या जागी पितळेचे नळे उभे करू, म्हणजे गाणे अक्षय राहील. आणि तुज नगारखान्याचा मुख्य करितो." हैबतीस मोह पडला. परंतु बोलिला, "महाराज, नळा नित्य तोच स्वर देईल. वेळू भेगाळतो, कालचा स्वर आज देत नाही. तो कुजेल, पडेल, आणि गाणे सरेल. ते तैसेच सरू द्यावे." महाराज बोलिले, "आमची देणगी लाथाडितोस?" आणि रागे उठोन गेले. हैबतीस चाकरी दिली नाही, परंतु बेट तोडावयासही सांगितले नाही.

मग पावसाळ्यात वेळू कुजले आणि पडू लागले. जे पळाले होते तेच लोक आता ऐकावयास येऊ लागले. बाया डोईवरचे भारे उतरून उभ्या राहत. महालातही आवाज पोचत असे, आणि तो दिवसेंदिवस बारीक होतो हे महाराजांनी ओळखिले. आश्विनात महाराज पायी, एकलेच, गुडघ्यांपावेतो चिखल घेऊन वर आले. हैबतीने मुजरा केला. महाराज पुसते जाहले, "किती उरले?"

"हा एकच, महाराज. हाही कलला आहे."

महाराजांनी शेला काढोन ठेविला आणि वेळूस खांदा दिला. "वारा कधी येईल?"

"सांगता येत नाही, जी."

"बरे," ऐसे बोलोन महाराज उभे राहिले. मग दुसरे अंगाने हैबतीनेही खांदा लाविला. पुष्कळ वेळ गेला. महाराजांचे पाय कापू लागले, परंतु हालले नाहीत. मग झुळूक आली आणि वेळू वाजला, आणि तो स्वर दोघांचे हाडांतून पोटात उतरला. हैबती हळूच बोलिला, "महाराज, आता सोडावे." महाराजांनी खांदा काढिला, आणि वेळू गवतावर पडला.

येणेप्रमाणे बेटाचे गाणे समाप्त जाहले. दुष्काळ पडला नाही. हैबती पुढले साली वारला. ज्यांणी ऐकिले त्यांणी सांगितले, तैसे लिहिले. आम्ही ऐकिले नाही, सबब यापरते लिहिता येत नाही.