टपालाची दुसरी थैली

पोस्टमास्तर नानाजींच्या टेबलावर पुंजाजीने टपालाची थैली आपटली. "घ्या मास्तर. उद्यापासून मी येत नाही."

नानाजींनी हातातला शिक्का खाली ठेवला. मंगरूळपीरकडची चार खेडी रोज पायी तुडवणारा दुसरा माणूस कुठून आणायचा?

"काहून रे? पाय दुखतात काय?"

"पायाचं काही नाही जी. लोकं कागद हिसकतात अन् धाडकन दार लावतात. घोटभर पानी इचारत नाही कोनी. मन लागत नाही माहं."

पगार वाढवणं नागपूरच्या साहेबाच्या हातात होतं. नानाजींनी आपल्या हातात होतं ते केलं. चारही गावच्या पाटलांना निरोप धाडला : पुंजाजीला दारातून परतवू नका, त्याची विचारपूस करा.

लोकांनी ते भलतंच मनावर घेतलं. एका घरी झुणका-भाकर, दुसऱ्या घरी ताक, तिसऱ्या घरी पुरणाची पोळी. पुंजाजी खुलला. महिन्याभरात सरकारी कोटाची बटणं लागेनाशी झाली. पण गावागावांत चढाओढही लागली. ज्यांना कुणी कागद धाडत नव्हतं, त्यांच्या दारी पुंजाजी थांबणार तरी कसा?

एके दिवशी नानाजींच्या हाती एक कार्ड पडलं. शाळामास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'प्रयागबाईस प्रयागबाईचा रामराम. इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली कळवणे.'

दुसऱ्या दिवशी तसलीच सात कार्डं आली. पंधरा दिवसांत थैल्या दोन झाल्या.

"दुसरी माह्याच्यानं उचलत नाही," पुंजाजी ढेकर देत म्हणाला. "तुमीच चला ना संगं."

टपाल अडवून ठेवायची सोय नव्हती. नानाजी धोतर खोचून निघाले. पाच मैल ऊन खात म्हाताऱ्या प्रयागबाईच्या ओट्याशी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

"बस पुंजाजी," प्रयागबाई म्हणाली. "अन् हा कोन आनला रे?"

"नवा गडी हाय, मावशी. मानूस चांगला हाय, पन कामात जीव रमत नाही त्याचा."

नानाजी संतापून लाल झाले. बोलायला तोंड उघडलं, तोच प्रयागबाईने पुढ्यात गरम भाकर आणि वांग्याचं भरीत ठेवलं.

"असा हिरमुसू नोको, भाऊ. पोटभर खाय. उद्या येजो बरं."

नानाजींनी तोंड उघडलं होतंच. त्यात घास घातला. दोन भाकरी झाल्यावर, पुंजाजीला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं,

"मावशी, उद्या कायची भाजी हाय?"