आजी, पुढील आदेशापर्यंत बंद

आमच्या आजीच्या हृदयातली एक झडप वयोमानानुसार जाड झाल्याचे तपासणीत निदर्शनास आले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की झडप नीट उघडतेय, रक्त कुठे अडत नाहीये, या वयात पुष्कळांचं असं होतं. मात्र हा इशारा समजा, रक्तवाहिन्याही कडक होत असतील. तेव्हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळा आणि रोज चाला.

बाबांनी यातली फक्त झडप घरी आणली. ते साबणाच्या कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख. तिथे एखाद्या झडपेचा संशय आला की अख्खी लाइन थांबवतात. सबब, आजी थांबवण्यात आली. मी नववीत असल्यामुळे माझं मत नोंदवून न घेता मला पाणी आणायला पाठवण्यात आलं.

आता आजीला दागिने नकोत, टीव्ही नको. तिला हवी संध्याकाळची फेरी. ती आणि तिची मैत्रीण, निवृत्त नर्सबाई, तळ्याभोवती अशा सुटतात की कॉलेजची पोरं मुकाट्याने बाजूला होतात. नेमकी तीच फेरी रद्द झाली. पाठोपाठ जिना, बाग आणि स्वतःचा चहा स्वतः करणं.

आजी बसून राहिली. बसून राहिल्याने वजन वाढलं, रक्तदाब चढला. बाबा म्हणाले, बघा, वेळीच बंद केली म्हणून बरं. उपाय म्हणून भार आणखी कमी करण्यात आला. नर्सबाई आल्या की आजी पोट धरून हसते, म्हणून नर्सबाईंना फाटकावरच थोपवलं. आत्याने परगावाहून फोनवर सुचवलं की आईने बोलणंही बेताने करावं. त्यावर आजी जे बोलली ते बेताचं नव्हतं.

पुढच्या तपासणीला दवाखान्याची लिफ्ट बिघडली होती. आजी कठड्याला धरून, थांबत थांबत, पण चढली. बाबा मात्र मधल्या मजल्यावर भिंतीशी सल्लामसलत करत उभे राहिले.

"आजी, रोज किती चालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला बंद ठेवलंय. सुटा भाग बाजारात मिळत नाही म्हणे."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. मग रक्तदाब मोजायचा पट्टा आजीच्या दंडावरून काढून बाबांच्या दंडाला बांधला. बाबांचा आकडा आजीच्या आकड्याला मागे टाकून गेला.

"चालायची गरज तुम्हालाही आहे."

"मला कुठे वेळ, डॉक्टर," बाबा म्हणाले, "आईची काळजी घ्यायची असते ना."

अखेर आजीची फेरी देखरेखीखाली सुरू करण्यात आली. म्हणजे पुढे आजी आणि नर्सबाई झपाझप, आणि मागून स्कूटरवर बाबा, हळू चाल म्हणून हॉर्न देत. आजी मागे वळून म्हणते, "बाळा, दमलास तर घरी जा हो."

तुम्हाला हसू आलं असेल. आता हे तुम्ही लगेच घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर पाठवाल, खाली लिहाल, तब्येतीला जपा. पाठवा की. त्यासाठी खुर्चीतून उठावं लागत नाही, म्हणून तर दुसऱ्याची काळजी आपल्याला इतकी छान जमते.