आत्मविश्वास प्रदान सोहळा

कामठ्याचा दुर्गेश तुरुंगातून निर्दोष सुटला आणि आमगावच्या एका कॉलेजात बी.ए.च्या वर्गात पुन्हा बसू लागला. त्याची अपेक्षा फार नव्हती. मधल्या सुट्टीत टिंकूने पूर्वीसारखं 'चाल बे, चाय पिऊ' म्हणावं, एवढंच. पण जो टिंकू एके काळी त्याच्याच डब्यातलं खायचा, तो आता लांबूनच मान हलवायचा. दुर्गेशलाही कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलवेना. हजेरीला 'यस सर' म्हणतानाही आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही.

ही बाब विद्यार्थी उत्थान कक्षाचे समन्वयक हेमेंद्र सर यांच्या निदर्शनास आली. कक्ष स्थापन होऊन बराच काळ लोटला होता, पण उत्थान करण्याजोगा विद्यार्थी काही गवसत नव्हता, आणि तपासणी समिती तर तोंडावर आलेली. सरांनी त्याच दिवशी सूचना काढली : 'दुर्गेश यास कोणीही कैदी म्हणू नये.' ती प्रत्येक वर्गात वाचून दाखवण्यात आली. तोवर अर्ध्या कॉलेजला दुर्गेश कोण हेही माहीत नव्हतं. विज्ञान शाखेची पोरं खास जिना चढून त्याला बघायला आली. त्यांनी त्याला कैदी मुळीच म्हटलं नाही, नुसतं बोट दाखवलं.

आवाज आणखीच आत गेला. तेव्हा कक्षाने त्याच्या सोबतीला दोन 'आत्मविश्वास मित्र' नेमले. एक डावीकडून, एक उजवीकडून. ते त्याला वर्गात सोडत, वर्गातून नेत, मुतारीच्या दाराशीही उभे राहत. दुर्गेशला हे सगळं ओळखीचं वाटलं. फक्त तिथे एकाच शिपायावर भागत असे.

शेवटी सत्कार ठरला. दुर्गेशने घरी बापाला सांगितलं. जागेश्वर नुकताच धानाच्या बांधीतून आला होता, पाय चिखलाचे.

"बाबा, कॉलेजवाले माहा सत्कार करून राहिले."

"कायले?"

"आत्मविश्वास वाढावा म्हणून."

"कोर्टानं सोडलं ना तुले? मंग हे काऊन धरून राहिले?"



सभागृहात फलक लागला : 'अंधारातून प्रकाशाकडे'. त्यावर दुर्गेशचा फोटो, शेजारी प्रमुख पाहुण्यांचा दुप्पट मोठा. हेमेंद्र सरांनी प्रास्ताविकात 'त्या' प्रकरणाचा उल्लेख आपण कटाक्षाने टाळणार असल्याचं वारंवार सांगितलं. पाहुण्यांनी शाल-श्रीफळ दिलं, दुर्गेशला गहिवरून मिठी मारली आणि मिठी सुटल्याबरोबर खिशातला मोबाइल चाचपून पाहिला.

ते दुर्गेशने पाहिलं. माईक हातात आला आणि कधी नव्हे तो त्याचा आवाज फुटला.

"मी काहीच केलं नव्हतं," तो खणखणीत म्हणाला. "कोर्टानंही तेच सांगितलं. मले सत्कार नाही पाह्यजे. मले नुसतं बाकीच्यांवानी वर्गात बसू द्या."

हेमेंद्र सरांचा चेहरा उतरला. ते कानाशी येऊन कळवळून म्हणाले, "अरे, असं बोलतात का? तू काहीच केलं नाहीस, तर आम्ही सुधारलं कोणाला? समितीला काय दाखवू?"

संध्याकाळी कक्षाची तातडीची बैठक झाली. विद्यार्थ्यामध्ये आत्मविश्वास मंजूर प्रमाणापेक्षा अधिक आढळून आल्याची नोंद घेण्यात आली. इतका उर्मटपणा तुरुंगातच शिकायला मिळतो, यावर सर्वांचं एकमत झालं. शाल परत मागवण्यात आली. नारळ मंचावरूनच नाहीसा झाला होता. त्याबद्दल संशय कोणावर, हे सांगायला नकोच. पोराने एवढा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि पदरात काय पडलं? खरंच वाईट वाटतं.

पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टिंकू आपल्या पायांनी त्याच्या बाकाशी आला.

"चाल बे, चाय पिऊ."

दुर्गेशला भरून आलं. दोघं स्टेशनजवळच्या टपरीवर गेले, जुन्याच फळीवर बसले. चहा आला. टिंकूने त्याच्या पाठीवर थाप मारली, "काल भारी बोलला यार तू. एकदम बढिया." मग इकडेतिकडे पाहून तो जवळ सरकला. "पण मले तरी खरं सांग ना बे. केलं काय होतं तू?"

दुर्गेशने ग्लास तसाच खाली ठेवला.

टिंकूला नावं ठेवू नका, वाचकहो. दुर्गेश निर्दोष सुटला, हे तुम्हाला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तरी केस कशाची होती, हे आता सांगतील, मग सांगतील, म्हणून तुम्हीही इथवर आलातच ना?