महावेगाला उशीर का होतो

कोणत्याही महानायकाचे खरे सामर्थ्य त्याच्या मनगटात नसून त्याच्या उशिरा पोहोचण्यात असते, हे तत्त्व मालिकांच्या धंद्यात सर्वमान्य आहे. वेळेवर पोहोचणारा महानायक पहिल्या जाहिरातीच्या आतच जग वाचवून मोकळा होतो. मग उरलेल्या वेळात दाखवायचे काय? 'महावेग' या लोकप्रिय मालिकेचे लेखक एकटेच होते, आणि त्यांचे पोट या एका प्रश्नावर चालत होते.

महावेग हा विश्वातला सर्वांत वेगवान पुरुष. संकटात सापडलेल्याची हाक, विशेषतः आईची, त्याला सात समुद्रांपलीकडूनही ऐकू येई. असा माणूस दर भागात उशिरा का पोहोचतो, याची पटण्याजोगी कारणे पुरवणे हे लेखकांचे काम. (पूर्वी ते गंभीर कथा लिहीत. त्या कथांतही कोणी कुठे पोहोचत नसे; तो अनुभव इथे उपयोगी पडला.) आतापर्यंत महावेगाचा झगा लिफ्टच्या दारात अडकला होता, सर्दीने त्याच्या कानांत दडे बसले होते, खलनायकाने त्याला चुकीचा पत्ता दिला होता. एकदा काहीच सुचेना, तेव्हा लेखकांनी 'ट्रॅफिक' असे लिहून टाकले. महावेग उडत जातो हे वाहिनीत कोणालाच आठवले नाही. उलट तो भाग वास्तववादी म्हणून वाखाणला गेला.

वास्तव जरा वेगळे होते. महावेगाचे काम करणाऱ्या नटाला उंचीची भीती होती. स्टुलावर चढवले तरी तो डोळे मिटून बायकोला हाका मारी. म्हणून उड्डाणाचे सर्व प्रसंग तो हिरव्या पडद्यासमोर, बाकावर पालथा पडून पार पाडी. झगा फडफडावा म्हणून मोठा पंखा लावत. एकदा पंखा चुकून मागे ठेवला गेला, झगा त्यात गुंतला आणि महावेग बाकासकट दोन हात ओढला गेला. मालिकेच्या इतिहासात त्याने प्रत्यक्ष कापलेले हे सर्वांत मोठे अंतर, आणि तेही उलट्या दिशेने.

एका सकाळी निर्मात्या बाई लेखकांच्या खोलीत आल्या. (खोली म्हणजे कपडेपटाचा कोपरा. लिहायच्या टेबलावर महावेगाच्या निळ्या विजारी वाळत असत.)

"प्रेक्षक कमी होतायत," बाई म्हणाल्या. "त्याच्या आईला जिन्यावरून पाडा."

"पाडतो की. पण ती हाक मारणार आणि याला ऐकू येणार. सर्दी आत्ताच वापरलीय."

"ते तुमचं तुम्ही बघा. चार भाग तरी ती तिथेच पडून राहायला हवी."

लेखक कामाला लागले. एवढ्यात फोन वाजला. त्यांची स्वतःची आई. ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहत असे. "आई, कामात आहे गं, नंतर करतो," असे तिला बोलूही न देता सांगून त्यांनी फोन निळ्या विजारींखाली सरकवला. तो पुन्हा घुरघुरला, तेव्हा वर आणखी एक विजार टाकली. आईची हाक ऐकूनही मुलगा येत नाही याला सबळ कारण शोधायचे, तर एकाग्रता हवीच.

कारण सापडले आणि फार सुंदर सापडले. आई जिन्यात पडलेली असताना महावेग एका सभागृहात अडकलेला असतो, कारण तिथे 'आदर्श पुत्र' म्हणून त्याचा सत्कार चाललेला असतो. लेखक स्वतःवरच खूश झाले. मग त्यांनी फोन बाहेर काढला.

आई न्हाणीघरात घसरली होती. दुसऱ्यांदा आलेला फोन शेजारणीने केला होता. लेखक दवाखान्यात पोहोचले तेव्हा आईच्या हाताला प्लास्टर घालून झाले होते.

"कशाला धावत आलास?" आई म्हणाली. "काम असेल तुझं."

"आई, अगं, पडलीस म्हणून सांगायचं तरी..."

"सांगणारच होते. पण तू नंतर करतो म्हणालास. मग म्हटलं, करेल." थोड्या वेळाने तिने विचारले, "एवढं काय लिहीत होतास रे?"

लेखकांना थाप सुचेना. (हा त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच प्रसंग.) त्यांनी सगळे सांगितले, सत्कारासकट. आई हसली. हसताना हात दुखला म्हणून थांबली, आणि लेखकांना वाटले, धरणीने आपल्याला पोटात घ्यावे.

घरी जाऊन त्यांनी सत्काराचा भाग फाडला आणि नवा लिहिला. आई पडते, हाक मारते, महावेग लगेच येतो. तिला डॉक्टरकडे नेतो, घरी आणतो, चहा करून देतो आणि नुसता बसून राहतो. खलनायक दारात येऊन "मी नंतर येऊ का?" असे विचारून परत जातो. नटाला हा भाग अतिशय आवडला, कारण त्यात बसायचे होते. फाडलेल्या सत्काराचे कळताच बाई कडाडल्या, पण दुसरे काहीच तयार नसल्यामुळे भाग दाखवावा लागला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीचे फोन खणखणू लागले. महावेगाने सूर्य विझवून पुन्हा पेटवला होता, तेव्हा एकाही घरातून तक्रार आली नव्हती. आता मात्र लोक खवळले होते. "आईनं बोलावलं आणि लगेच आला? काहीही दाखवता!" "कोणाच्या घरी होतं हो असं?" एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "करमणूक ठीक आहे, पण अतिशयोक्तीला काही मर्यादा?"

"घालवलीत ना विश्वासार्हता?" बाई म्हणाल्या. "बसा आता निस्तरत."

तोडगा बाईंनीच काढला. लगेच आलेला तो मुलगा महावेग नव्हताच, वेष बदललेला खलनायक होता. खरा महावेग सत्काराला गेला होता. हे कळताच प्रेक्षकांचा जीव भांड्यात पडणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

लेखक हा खुलासा लिहीत असतानाच फोन वाजला.

"काही विशेष नाही रे," आई म्हणाली. "डब्याचं झाकण उघडत नाहीये एका हाताने. सवडीने ये."

लेखक वाक्य अर्धे टाकून उठले.

"अहो, झाकणासाठी?" बाई ओरडल्या. पण ते जिना उतरून गेलेही होते.

इथे चोखंदळ वाचकांची मान हलेल, याची आम्हाला कल्पना आहे. महावेग उडतो, सूर्य विझवतो, हे सारे त्यांनी मुकाट्याने वाचले. मुलगा झाकण उघडायला धावला, एवढे मात्र त्यांना ओढूनताणून वाटेल. त्यांचा आक्षेप नोंदवून घेतला आहे.